जागा माहीत असलेल्या मित्रास अनावृत पत्र

धरणावर गळ टाकायला निघालेल्या प्रत्येक टोळक्यात जागा माहीत असलेला मित्र एक असतो. दोन असले तर बेत शनिवारी रात्रीच मोडतो. माहूर, किनवट, पुसद या पट्ट्यात तो मुबलक सापडतो, रविवारी पहाटे विशेष. प्रस्तुत पत्र त्यातल्या एका नमुन्यास उद्देशून आहे. पत्रकर्ते तिघे. गेल्या रविवारी तिघेही त्याच्यासोबत एकाच होडीत होते आणि तिघांच्याही मानेची साल अजून निघते आहे.

होडी होती इसापूरच्या जलाशयात. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे मातीचे धरण. उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर, एका काठाला पुसद तालुका, दुसऱ्या काठाला कळमनुरी. म्हणजे अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा आणि मधे मित्र. एवढ्या पाण्यात त्याला ठाऊक असलेली जागा एकच होती आणि ती दुपारपर्यंत पाच वेळा बदलली. दर वेळी शब्द तोच, "इथंच." तिसऱ्या 'इथंच'नंतर होडीवाल्याने वल्हे मांडीवर आडवे ठेवले आणि तंबाखू मळायला घेतली.

जागा हा शब्दच मुळात नदीचा. नदीत डोह असतो, वळण असते, खडकामागे थांबलेले पाणी असते. धारेशी झुंजण्याचे कष्ट वाचवून मासा तिथे उभा राहतो. वाम कपारीत शिरते, शिवडा खोल पाण्यात दबा धरतो. धरणात धार नाही. तिथे प्रश्न कुठे हा नसून किती खोल हा असतो. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळाचे तोंड खाली, तो तळ चाळतो. मित्राने कणकेचा गोळा पाण्याच्या पृष्ठभागापासून हातभर खाली टांगला आणि दिवसभर मृगळाची वाट पाहिली. मृगळाला हे कळवायला कोणी नव्हते.

शिवाय हे मासे तिथे आपोआप आलेले नाहीत. भारतीय कार्प साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले आणि मत्स्यबीज केंद्रांची वाट मोकळी झाली. तो दिवस 10 जुलैचा, म्हणून देशात मत्स्यशेतकरी दिवस त्या तारखेला पाळतात. बोट-बोट लांबीची ती पिल्ले, बोटुकली, पैसे मोजून धरणात सोडावी लागतात. ते पैसे मित्राच्या खिशातून जात नाहीत. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

साडेदहाच्या सुमारास गळ ताणला. मित्र उठून उभा राहिला. (होडीत उभे राहू नये ही सूचना त्यानेच पहाटे दिली होती.) वजनाचा पहिला अंदाज आठ किलो निघाला, पाच मिनिटांनी तो बारावर गेला, पुढे पंधरावर. "कटला हाय, पक्का कटला!" दांडी कमानीसारखी वाकली, होडी कलली, एका पत्रकर्त्याचा डबा पिठल्यासकट पाण्यात गेला. वीस मिनिटे झुंज चालली. मासा डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही, खाली गेला नाही, वरही आला नाही. माशाच्या अशा वागण्याला तळ्याकाठची मंडळी खुंट म्हणतात. धरणाच्या पोटात जुनी शिवारे आहेत, बांध आहेत, बांधावरच्या बाभळी आहेत. बाभूळ गळ सोडत नाही. होडीवाल्याने दोरा कापला तेव्हा मित्र म्हणाला, "गेला."

उन्हाबद्दल, जाकिटे तीन आणि माणसे पाच होती त्याबद्दल, तसेच बिस्किटांच्या वाटणीबद्दल एवढ्यावरच थांबणे बरे.

आवाजाचे मात्र सांगितलेच पाहिजे. कोणी काही बोलले की मित्र ओठांवर बोट ठेवी. वास्तविक हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो, त्यामुळे माणसांच्या गप्पा माशाला फारशा ऐकू जात नाहीत. होडीच्या फळीवरची धडधड थेट पाण्यात उतरते. त्यात कार्प कुळाचे कान तिखट. हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत त्यांच्यात छोट्या हाडांची साखळी असते; वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ती 1820 सालीच वर्णन करून ठेवली आहे. भोई मंडळी मासा जाळ्याकडे हाकायला मुद्दाम पाणी बडवतात ते उगीच नव्हे. मित्राने सर्वांना गप्प बसवले आणि गाण्यांचा स्पीकर फळीवर ठेवला.

अडीच वाजता पाण्यावर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्यांची रांग दिसली. बाटल्यांखाली जाळे असते, हे या पट्ट्यात लहान मुलालाही ठाऊक असते. मित्राने बाटली ओढली, जाळे वर घेतले, अडकलेला कटला हिसकून काढला, छातीशी धरला आणि फोटो काढवून घेतला. 'पहिला मासा' या मजकुरासह तो गटावर गेला. जाळे चार ठिकाणी फाटले.

येथे उपरोध पुरे. ही चोरी आहे. जलाशयाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेचा, बोटुकली त्यांची, जाळे त्यांचे, त्यासाठी जागलेली रात्र त्यांची. थर्मोकोलच्या तराफ्यावरून एक म्हातारा वल्हवत आला. त्याने शिवी दिली नाही. "साहेब, फोटू काढा, पण जाळं नका वढू. शिवायला लई टाईम लागतंय." दिली असती तर पत्रकर्त्यांना बरे वाटले असते.

परतीच्या वाटेवर धनोड्याच्या पुलाशी मित्राने गाडी थांबवायला सांगितली. खाली पैनगंगा. वर धरण झाल्यापासून उन्हाळ्यात इथले पाणी धरणातून सुटेल तेवढे. काठची गावे ते सोडा म्हणून अर्ज करतात. मित्राने कठड्यावरून खाली वाळूकडे बोट दाखवले. तिथे डोह होता. वडील बांबूच्या काठीला दोरा बांधत, गळाला गांडूळ लावत आणि पोराला गप्प बसायला सांगत. वाम हमखास लागे. कुठे बसायचे हे वडिलांना माहीत होते. "इथंच," मित्र म्हणाला. त्या दिवशी सहाव्यांदा. या वेळी कोणी हसले नाही. तो बराच वेळ उभा राहिला, मग गाडीत येऊन बसला आणि माहूर येईपर्यंत स्पीकर लावला नाही.

जाळ्याच्या भरपाईचे पाचशे आणि कटल्याचे चारशे रुपये म्हाताऱ्याला जागेवरच देण्यात आले. चौघांत वाटणी केल्यास प्रत्येकी सव्वादोनशे होतात. मित्राचा वाटा अद्याप येणे आहे.