शनिवारी तेलाचा दिवा

नव्या गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक मिळतं. लोक ते पिशवीतून बाहेरही न काढता कप्प्यात टाकतात आणि गाडी विकताना पुढच्या मालकाच्या हवाली करतात. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं आहे. घरात या विद्वत्तेला काडीची किंमत नाही. "यांना काहीही विचारा, पान नंबरासकट सांगतील. गाडी तेवढी चालू होणार नाही," असं आमची ही चारचौघांत सांगते.

गेवराई हे हिचं माहेर. पुण्याहून अहिल्यानगर, शेवगाव करत आम्ही शुक्रवारी रात्री पोचलो. शनिवारी राक्षसभुवनला जायचं ठरलं होतं. मला तिथली रणभूमी बघायची होती, हिला शनीचं दर्शन घ्यायचं होतं. गाडीला कुठंच जायचं नव्हतं, पण तिनं ते सकाळपर्यंत बोलून दाखवलं नाही.

मराठवाड्यात नुसतं ऊनच पडतं अशी पुण्यातल्या लोकांची समजूत असते. त्यांनी जानेवारीतल्या पहाटे गेवराईच्या अंगणात स्वेटरशिवाय उभं राहून दाखवावं. गाडीच्या टपावर बोटानं नाव लिहिता येईल इतकं दव साचलं होतं. मी चावी फिरवली. सगळे दिवे लागले. इथपर्यंत ठीक होतं, कारण आपले दिवे शाबूत आहेत हे गाडी चावी फिरवल्यावर स्वतःच दाखवते आणि मग एकेक विझवते. मी सेल मारला. आतून नुसतं कट-कट-कट झालं, काटे थरथरले, पडदा काळा पडला आणि दिवाळी परत सुरू झाली. लाल बॅटरी, लाल झारी, पिवळं इंजिन, पिवळं एबीएस, स्टिअरिंगशेजारी एक उद्गारचिन्ह आणि चपट्या टायरच्या चित्रात आणखी एक.

मी पुस्तक काढलं. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. इथपर्यंत पुस्तक धीट असतं. पुढं प्रत्येक दिव्याखाली एकच वाक्य: जवळच्या अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. साधला. मराठीसाठी दोन दाबायला सांगून पलीकडून हिंदीत विचारणा झाली, "गेवराई कौन से स्टेट में पड़ता है, सर?" त्या क्षणी माझ्या डोक्यात जो दिवा लागला तो लालच होता.

तोवर अंगणात वैद्यमंडळ जमलं होतं. शेजारच्या काकांनी चारही टायरांना लाथ मारून हवा असल्याचं प्रमाणपत्र दिलं. एकानं डिझेल गोठल्याचं सांगितलं. गाडी पेट्रोलची आहे म्हटल्यावर त्यानं पेट्रोल गोठवलं. मेहुण्यानं आत डोकावून झारीच्या चित्रावर बोट ठेवलं. "दाजी, आज शनिवार. आपण निघालाव शनीला. अन् गाडी तेल मागायली. आणखी काय पाहिजे?"

वास्तविक त्या झारीचा अर्थ इंजिनमध्ये तेलाचा दाब नाही एवढाच होता. इंजिनच बंद, तर दाब कुठून येणार? चालू इंजिनावर ती झारी दिसली तर मात्र जागच्या जागी थांबायचं, नाहीतर इंजिन हातचं जातं. हे सगळं मी पान नंबरासकट सांगितलं. सासूबाई तोवर तेलाची बाटली घेऊन बाहेर आल्या होत्या.

शेवटी मेहुण्यानं चाचांना बोलावलं. चाचा गावातले जुने वायरिंगवाले. सोबत त्यांचा पुतण्या होता. त्यानं स्टिअरिंगखाली एक डबी खोचली आणि मोबाइलवर गाडीच्या तक्रारी वाचायला लागला. यादी संपेना. ब्रेकवाला संगणक रुसलेला, स्टिअरिंगवाला रुसलेला, इंजिनवाल्याला दोघांचाही निरोप पोचलेला नाही. मी मनातल्या मनात खर्चाची बेरीज करत होतो. चाचांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा भुगा नखानं खरवडला आणि मीटर लावला. धडधाकट बॅटरी निवांत असताना साडेबाराच्या वर व्होल्ट दाखवते. आमची बारालाही टेकेना आणि सेल मारला की नऊच्या खाली.

"येवढे सगळे कसे बिघडतील एका रात्रीत?" चाचा म्हणाले. "घरात लाइट कमी आली की पंखा, टीव्ही, फ्रिज सगळेच कुरकुरतेत. म्हणून पंखा बदलता का?"

"थंडीनं गेली म्हणायची," मी म्हणालो.

"थंडीचं नाव कशाला घेता? ती मागच्या मे महिन्यातच गेली."

आणि ते खरं होतं. चाळिशीपलीकडच्या उन्हात बॅटरीच्या आतल्या पट्ट्या झिजतात, पाणी उडतं. पण तेव्हा इंजिनचं तेल पातळ असतं, फिरवायला ताकद कमी लागते, त्यामुळं उणीव झाकून जाते. थंडीत तेल घट्ट होतं, सेलला जास्त करंट लागतो आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया नेमकी तेव्हाच मंदावते. मारतो उन्हाळा, बदनाम होतो हिवाळा. चारशे पानांच्या पुस्तकात हे वाक्य नाही.

चाचांकडं जंपर केबल होती, पण ते लुनावर आलेले. मेहुण्यानं रस्त्यावर जाऊन पहिला ट्रॅक्टर अडवला. ऊसतोडीची टोळी फडावर निघाली होती. मागच्या रिकाम्या ट्रॉलीत बाया-माणसं डोक्यावरून घोंगड्या घेऊन दाटीवाटीनं बसलेली. चाचांनी लाल चिमटा लालला लावला. काळा मात्र आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावला, कारण बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ ठिणगी उडायला नको. एवढ्यात ट्रॉलीतून एक पोरगं उतरून माझ्या खिडकीशी आलं. नाक वाहत होतं, अंगात बापाचा शर्ट, बाह्या हाताच्याही खाली लोंबणाऱ्या.

"केवढे दिवे!" ते म्हणालं.

मी ट्रॉलीकडं पाहिलं. मागं एकही दिवा नव्हता. फळीवर रेडियमची एक पट्टी चिकटवलेली, तिचंही एक टोक सुटलेलं. याच ट्रॉलीत ऊस भरून ही माणसं रात्री हमरस्त्यानं कारखान्यावर जाणार. मला काही बोलायला सुचेना. हिनं चिवड्याचा अख्खा डबा त्याच्या हातात दिला. ड्रायव्हरनं पैसे घेतले नाहीत. उशीर झाला तर काट्यावर नंबर मागं जाईल म्हणत तो निघाला.

गाडी चालू झाली. लाल दिवे विझले, मग दोन पिवळे. नवी बॅटरी बीडहून दुपारी येणार होती, तोवर इंजिन बंद करायचं नाही अशी चाचांची ताकीद. त्यामुळं राक्षसभुवनला मेहुणा इंजिन चालू ठेवून गाडीत बसला. शनीला तेल वाहून झाल्यावर रणभूमीसाठी मला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. 10 ऑगस्ट 1763. निजाम गोदावरीच्या पैलतीरी, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडं आणि मधे भरलेली नदी. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी नेमकी ती वेळ साधली. दिवाण मारला गेला. गेवराई तालुक्यात अडकून पडण्याला इतिहासाचा आधार आहे, एवढं मी टिपून घेतलं आणि हॉर्न वाजल्यामुळं परतलो.

वाटेत टायरचा दिवाही आपोआप गेला होता. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण दोन पीएसआयनं उतरतो. टायर तापला की पुन्हा चढतो. हवा मुळात थोडी कमी असली की थंड सकाळी हा दिवा हमखास लागतो. मी हे मेहुण्याला नीट समजावलं. "व्हय की," तो म्हणाला, "तेल वाहिलं ना."

दुपारी चाचांनी नवी बॅटरी बसवली, टर्मिनलला ग्रीस लावलं आणि पैसे मोजत म्हणाले, "आता मे महिन्यात या. खरी तपासणी तेव्हाच होती."

मेमध्ये गेवराईला कोण येतंय, असं मी म्हणणार तेवढ्यात हिनं मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. "पंधरा दिवस तरी राहू," ती भावाला म्हणाली, "गाडीचं काम आहे."