पाकळीचा ल

अंड्यावर लिहायचं तर पेन्सिल एचबीच घ्यावी. टूएच टरफलावर नुसती ओरखडते, टूबी फरफटते. बॉलपेन हातातही धरू नये. टरफलाला सात हजारांवर बारीक छिद्रं असतात, शाई कुठून आत झिरपेल याचा भरवसा नाही. हे ज्ञान मला अजून कोणीही विचारलेलं नाही. तरी गेल्या चैत्रापासून मुदखेडात भेटेल त्याला मी ते देतो आहे. परवा मोगऱ्याचा भाव विचारायला गेलो आणि हेच सांगून परत आलो. भाव विचारायचा राहिला.

झालं असं की काळी खुडूक झाली आणि त्याच आठवड्यात सौ.ला लातूरला, लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. जाण्याआधी, ३१ मार्चला, तिनं काळीच्या टोपल्यात अकरा अंडी मांडली. ती नऊ-दहा दिवस जमवलेली, माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवलेली. मला वाटायचं, असतील बायकांच्या रीती. रीत कसली, शास्त्र होतं. अंडं घातलं म्हणून आतल्या पिलाचं वय सुरू होत नाही. ऊब लागली की सुरू होतं. म्हणून दहा दिवसांची अंडीसुद्धा एकदम बसवली तर २१ दिवसांनी एकाच रात्री फुटतात. पण आपल्याकडे चैत्रात पत्र्याच्या खोलीत पारा २७ अंशांच्या खाली येतोय कुठे? तेवढ्यावर काही अंडी कोंबडीची वाट न बघता आतल्या आत चुळबुळ करू लागतात. मग ती पुढं, बाकीची मागं. ओल्या वाळूनं सगळ्यांना झोपवून ठेवलं होतं.

"दुसऱ्या दोघी तिच्या टोपल्यात घालतील हं," सौ. रिक्षातून म्हणाली. "ती दाणे टिपायला उठली की रोज बघत जा. नवं अंडं काढायचं, आमलेट करून खायचं. जुन्यांवर तेवढी खूण करून ठेवा."

खूण. ती खूण म्हणाली, मी अक्षर ऐकलं.

इथं माझ्या अक्षराबद्दल थोडं सांगणं भाग आहे. थोडं म्हणजे, सौ.च्या मते, जेवढं मी नेहमी सांगतो तेवढं. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत खडू झिजवला. पंचक्रोशीतल्या लग्नांत मला जेवायला कमी आणि आहेराची यादी लिहायला जास्त बोलावतात. नवरा-नवरीची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. कुणाच्या आडनावातला ल कसा उतरला, ते राहतं. कारण माझा ल पाकळीचा. दोन पाकळ्या, मधून देठ. मध्यंतरी हिंदीच्या वळणानं उजवीकडे काठी टेकवून उभा राहणारा दंडाचा ल आपल्या पुस्तकांत शिरला होता. मी शिरू दिला नाही, निदान माझ्या फळ्यावर तरी. आणि ६ नोव्हेंबर २००९ ला शासननिर्णय निघाला: मराठीत ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. मी शाळेत पेढे वाटले. कशाचे ते कुणाला कळलं नाही. दोघांनी, माझ्या वयाचा विचार न करता, मुलगा झाला का म्हणून अभिनंदन केलं. माझ्या लेकीच्या नावात दोन ल आहेत. तो योगायोग नाही.

तर अकरा अंड्यांवर मी '३१ मार्च' लिहिलं. छान आलं. पण मार्चमध्ये ल नाही.

एप्रिलमध्ये आहे.

३ तारखेला टोपल्यात पहिलं उपरं अंडं दिसलं. हातात घेतलं, जरा कलतं धरलं आणि लिहिलं: '३ एप्रिल'. गोलाईवर ल असा काही बसला, की ते फोडून कांदा-मिरची घालण्याची कल्पनाच मला सहन होईना. परत ठेवलं. मग ४, ६, ७ आणि ९. पाच अंडी, पाच ल. त्यांच्यासाठी मी आखीव वही केली: अंड्याचा क्रमांक, घातल्याची तारीख, फुटण्याची अपेक्षित तारीख, शेरा. पाचाच्या पाच तारखा वेगळ्या. वहीत त्या फारच शोभून दिसत होत्या.

काळीला ती वही दाखवायला हवी होती. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावतात; तिच्याखाली आता सोळा होती. ती बिचारी कडेची आत, आतली कडेला, अशी दिवसभर फिरवत बसायची. अंडं फिरवलं नाही तर आतला जीव टरफलाला चिकटतो, म्हणून ती उलटवतेही सारखी. सिकंदराबादकडून येऊन आदिलाबादला जाणाऱ्या गाडीचं तोंड आमच्या जंक्शनात फिरतं, तसं माझं प्रत्येक अक्षर दिवसातून कितीदा तरी उलटं व्हायचं. वर पिसांनी घासून पुसटही व्हायचं. मी रोज गिरवायला बसायचो. ती फुगून दुप्पट व्हायची आणि मनगटावर टोचायची. हिच्या जागी वनराजा असती तर हा प्रसंग आला नसता. त्या सुधारित कोंबड्या बसायच्या भानगडीत सहसा पडतच नाहीत.

२० ची रात्र मी टोपल्याशी बसून काढली. टरफलाच्या आतून चिवचिव येते आणि कोंबडी वरून हळू, घशातल्या घशात उत्तर देते. इतकं हळू ती एरवी कधीच बोलत नाही. २१ च्या दुपारपर्यंत नऊ पिलं बाहेर. अकरांतली दोन वांझ निघाली. मी वहीत शेरे भरले.

मग ती दोन दिवस तशीच बसून राहिली. पिलू बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं. दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. मागं राहिलेल्यांसाठी आईकडे तेवढीच सवलत असते. २३ च्या सकाळी ती उठली, अंग झाडलं आणि नऊ पिलं घेऊन उकिरड्याकडं चालू लागली.

"अगं, अजून पाच बाकी आहेत!" मी वही घेऊन तिच्या मागं.

डालग्याखाली कोंडलं तर ती अंड्यांवर नाचू लागली. मग खोका, साठचा बल्ब, तापाचं थर्मामीटर. अंड्याला साडेसदतीस लागतात, म्हणजे आपल्याला कणकण आल्यासारखं. दुपारी आमची खोलीच तेवढी तापलेली होती. संध्याकाळी लाईट गेली. पाच अंडी सौ.च्या शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसलो. लातूरहून फोन आला. मी उचलला नाही.

रोज देवाला मोगरा टाकून जाणारा फुलवाला तेवढ्यात आला. माझा विद्यार्थी, आता चाळिशीचा.

"काय करायलाव गुरुजी?"

मी वही पुढं केली. ओळीखाली बोट ठेवत त्यानं सगळी वाचली. त्याला वेळ लागला. मग तो हसला.

"गुरुजी, तुमचं अक्षर लई भारी बगा. दुसरीत माझ्या प्रगतिपुस्तकात लिव्हलं व्हतं तुमी. बाप मनला, किती सुरेख काढलंय रे, वाच की काय हाय ते. मला कुठं वाचता येतंय? माय, बाप, आजा, कुणालाच येईना. आमी सगळे ते नुसतं बगत बसलो."

'नापास' होतं ते. लाल शाईत. दोन वर्षं ओळीनं लिहिलं होतं मी. तिसऱ्या वर्षी श्रावणात एका महिन्यात त्याला सगळी अक्षरं फुटली. मी बघितलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर बापानं त्याला फुलांच्या वावरात नेलं. त्याच्या घरी जाऊन चार शब्द बोलायला दहा मिनिटं लागली असती. त्या साली शाळेच्या दारावरची सुवाक्यं रंगवायचं काम माझ्याकडं होतं. वेळ नव्हता.

"माज्याकडं येक खुडूक हाय," तो म्हणत होता. "खाली काईच न्हाई, नुसती मातीवर बसायली. रातीला हळूच सरकवतो. येक येक निघंल तसं काढून घेतो, मंजी तिला वाटंल, अजून कुणीच आलं न्हाई. बसून ऱ्हाईल. निघालेलं पिलू रातीला आणून काळीच्या पोटाखाली घाला तुमी. तिला मोजता येत न्हाई."

पाटीत मोगऱ्याखाली अंडी ठेवून तो गेला.

त्यानंतर दोनदा तो रात्री येऊन एकेक पिलू देऊन गेला. '४ एप्रिल' आणि '७ एप्रिल' मात्र फुटले नाहीत. १ मे ला शाळेतलं झेंडावंदन आटोपून, निकाल हातात नाचवत निघालेल्या पोरांतून वाट काढत मी घरी आलो, तर तो ओट्यावर बसलेला. शर्टाच्या खिशात काहीतरी चिवचिवत होतं. दुसऱ्या हातात पानात गुंडाळलेलं अर्धं टरफल.

"९ तारीख," तो म्हणाला. "तुमच्या वहीत ३० लिव्हलं व्हतं, ३० लाच निघालं."

टरफल मी उजेडात धरलं. ९ गेला होता, ए गेला होता, प्रि मधून तडकला होता. ल शाबूत होता.

"पाकळी जरा डावीकडं कललीय," मी म्हणालो.

"अंडं गोल व्हतं ना गुरुजी," तो म्हणाला.