नेरळपर्यंत पास चालतो का?

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून वहिनींना जोडीनं माथेरानला न्यायचं, असं आमच्या डब्यातल्या पासवाल्यानं ठरवलं. ठरवल्यावर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं : "नेरळपर्यंत पास चालतो का रे?"

चालत नाही. पास कसारा ते सीएसएमटी. नेरळ पडतं कर्जतच्या लाइनीला. म्हणजे कल्याणला उतरा, पूल चढा आणि पुढचं तिकीट काढा. कल्याण ते नेरळ हा तेहतीस किलोमीटरचा तुकडा महिनाभर त्याच्या डोळ्यांपुढं उभा होता. माथेरान नव्हे, तो तुकडा.

पासवाले खर्डीलाही असतात, आसनगावलाही असतात. पण अस्सल पासवाला कसाऱ्याचा, कारण लाइन तिथं संपते. रोज 121 किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. घरातलं बारसं असो की तेरावं, मुहूर्त गुरुजी काढत नाहीत, टाइमटेबल काढतं. रविवारी या माणसाला चैन पडत नाही. दुपारी तो दारात उभा राहतो. घराच्याच दारात, पण एक हात वर चौकटीला धरून.

बेत अर्थातच गाडीत शिजला. भजनवाल्यांनी टाळ खाली ठेवले, पत्तेवाल्यांनी डाव मोडला. आटगावपर्यंत एकमत होतं, टिटवाळ्याला दोन तट पडले आणि कल्याण येईतो आठ जण यायला तयार झाले. वहिनींनी "आपण दोघंच" असं बजावलंय, हे त्यानं डोंबिवली गेल्यावर सांगितलं. तेव्हा मंडळी जरा रुसली, पण सल्ला द्यायची थांबली नाहीत.

आमच्यात एक पेपरवाचे गृहस्थ आहेत. त्यांनी इतिहास काढला. माथेरान हेरलं ते 1850 साली, मॅलेट नावाच्या ठाण्याच्या कलेक्टरानं. "म्हणजे आपलंच की," पासवाला म्हणाला; जिल्ह्याच्या जोरावर तिकिटात काही सूट निघते का, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. वर जाणारी छोटी गाडी पीरभॉय घराण्यानं 1904 ते 1907 या काळात बांधली, खर्च सोळा लाख. सोळा लाख म्हटल्यावर डबा गप्प झाला. तेवढ्यात डब्यातल्या सगळ्यांना जन्मभराचा फर्स्टचा पास निघाला असता, असं एकानं हळूच म्हटलं. माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत, हे ऐकून मात्र पासवाला खरोखर घाबरला. "एवढे पॉइंट? आपल्याकडे एक फेल झाला तर अख्खी लाइन बंद पडते!" हे बघायचे पॉइंट, लुइझा पॉइंट, इको पॉइंट वगैरे, हे समजवायला दिव्यापर्यंत वेळ गेला.

लग्नाचा वाढदिवस जुलैत. पावसाळ्यात नेरळहून अमन लॉजपर्यंत ती गाडी बंदच असते. तेव्हा सहल जानेवारीवर गेली. सहा महिने लेट. पासवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तरी ती रद्दच झाली असती. कसाऱ्याला नाशिककडच्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लागतं. घाटाचा चढ 37 ला 1, मागून रेटा मिळाल्याशिवाय गाडी वर जात नाही. या घरातला बँकर म्हणजे वहिनी. माहेर मुरबाडकडचं, जिथं अजून रेल्वे पोचलेली नाही, त्यामुळे रेल्वेचं कौतुक बाईंना बेताचंच. पण माथेरान म्हटलं की त्यांना साहेब आठवत नाही, भाई कोतवाल आठवतात. माथेरानचा हा वकील बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडत हिंडला आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात गोळीला बळी पडला. सिद्धगड मुरबाड तालुक्यात. "आमच्या रानात येऊन मेला तो माणूस. त्याचं गाव मला बघायचंय," असं त्या म्हणाल्या. मग पासवाल्यानं मुकाट रजा टाकली.

पुढचं वहिनींनीच सांगितलं. छोट्या गाडीत बसल्यावर पासवाल्यानं सवयीनं तीन सिटांवर चौथा बसवला. एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात हे कळल्यावर "एवढ्यात मी व्हीटीला पोचतो!" असं त्यानं अख्ख्या डब्याला ऐकवलं. त्या लाइनीवर एकच बोगदा आहे. त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. समोरच्या जोडप्यानं त्या नावाचा अर्थ सांगितला तेव्हा पासवाला लाजला, घसा साफ केला, रुमालानं तोंड पुसलं आणि वहिनींकडे वळेपर्यंत पुन्हा उजेड आला.

"आपल्या कसाऱ्याच्या घाटातले बोगदे केवढाले लांब आहेत," तो हळहळला.

"तिथं तुम्ही दारात उभे असता," वहिनी म्हणाल्या.

वर मोटारींना बंदी. घोडेवाल्याला त्यानं रिटर्नचा भाव विचारला. लुइझा पॉइंटला सगळे दरी बघत होते, तेव्हा हा खाली लांबवर दिसणारी गाडी अप आहे की डाउन, ते ओळखत होता. चिक्की मात्र डब्यातल्या आठही जणांसाठी आणली. आम्ही ती खाल्ली, म्हणून त्याची बाजूही थोडी मांडतो.

परतताना संध्याकाळी कल्याणला कसारा लागली. फलाटावर ही गर्दी. पासवाल्यानं धावत्या गाडीत उडी घेतली, रुमाल टाकला आणि खिडकी धरली. ती वहिनींना दिली आणि बाजूची जागा, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, स्वतः घेतली. दारात गेला नाही. वासिंदला त्यांचं डोकं याच्या खांद्यावर आलं. खर्डीला डबा निम्मा रिकामा झाला, उंबरमाळीला उरलेला. कसाऱ्याला दिवे दिसले, गाडी थांबली, तरी हा खांदा न हलवता बसून राहिला.

कसारा शेवटचं स्टेशन आहे. तिथं उतरायची घाई नसते.