शाल नको, टॉर्च आणा

“भावोजी, आहात का घरात?”

जास्वंदीच्या कुंपणावरून वहिनींची हाक. तीन महिने कॅनडात, हॅलिफॅक्सला लेकीकडे राहून परवाच आल्यात. मी विचारलं, “काय, नायगारा पाहिलात की नाही?”

“नायगारा राहू दे हो. तिथं मी आपली उघाडी पाहिली!”

मला वाटलं, विमानाचा शीण अजून उतरला नाही. पण जावयाने त्यांना ग्राँ प्रेला नेलं होतं. फंडीच्या उपसागराकाठचं गाव, जगात सगळ्यात मोठी भरती तिथली. चांगली पंधरा-सोळा मीटर चढते म्हणे. सतराव्या शतकात मूळच्या फ्रान्सकडच्या अकेडियन लोकांनी ते खाजण बांध घालून पिकाखाली आणलं.

“पोखरलेलं खोड बांधाखालून घातलेलं, आत लाकडी झडप. भरती आली की समुद्रच झडप लावून घेतो, ओहोटीला आतलं गोडं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. ‘अबवातो’ म्हणतात. मी लेकीला म्हटलं, अगं, ही तर आपल्या खारेपाटातली उघाडीच!”

“मग ते लोक अजून आहेत तिथं?”

“कसले! हाकलले ना.” वहिनींचा आवाज खाली आला, जणू कालचीच भानगड. “इंग्रजांच्या राजाशी बिनशर्त इमान राखायची शपथ घेईनात. 5 सप्टेंबर 1755 ला चर्चमध्ये बोलावलं, 418 पुरुष अन् पोरं. दारं लावली आणि हुकूम वाचला, जमीन, गुरं सगळं जप्त. मग बायकापोरांसकट जहाजांत कोंबले. आणि गंमत ऐका! 1759 च्या वादळात बांधांना खांडी पडल्या. नव्या मालकांना बांध बांधता येईना. तेव्हा कैदेतल्या अकेडियनांनाच आणलं दुरुस्तीला.”

“आणि पुढे?”

“पुढे कविता! 1847 ला लाँगफेलोने ‘इव्हँजेलिन’ लिहिलं, ताटातूट झालेल्या पोरीची गोष्ट. त्याने गाव पाहिलंसुद्धा नव्हतं! पण माणसं आगगाडीने यायला लागली ती पोर शोधत. पण मला आवडला तो सोनार. हर्बिन. जवळच वुल्फव्हिलला दुकान, आई अकेडियन. जुनं चर्च अन् दफनभूमी जिथं होती म्हणतात, ती जागा याने 1907 ला स्वतःच्या पैशाने घेतली. पुढे 1917 ला रेल्वे कंपनीला विकली, पण अट घातली, चर्चची जागा अकेडियनांसाठी राखायची. 1920 ला रेल्वेवाल्यांच्या बागेत पुतळा उभा राहिला, त्या न झालेल्या पोरीचा. स्मारक चर्च 1922 चं. हर्बिन लगेच 1923 ला गेला.”

“त्याचा सत्कार कधी?”

“आवारात स्मारक आहे की त्याचं. पण फोटो सगळे पुतळ्यापाशी काढतात. आमच्या जावयांनीही तिथेच काढला, मला मुद्दाम हात धरून सोनाराकडे न्यावं लागलं.”

2012 ला युनेस्कोच्या यादीत ते सगळं शिवार गेलं, नुसतं चर्च नव्हे. बांधाआडची जमीन आजही तिथले शेतकरी एकत्र मिळून सांभाळतात, हे वहिनींनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना नजर माझ्यावर होती. गेल्या उधाणात आपल्या बांधाला खांड पडली तेव्हा मी मुंबईला लग्नाला गेलो होतो.

“15 ऑगस्टला अकेडियनांचाही सण. पातेली, झाकणं बडवत रस्त्याने हिंडतात. आम्ही अजून आहोत, हे ऐकवायला.”

मला एकदम वहिनींचे आतेसासरे, मामा, आठवले. ऐंशीच्या घरातला माणूस, उधाणाच्या रात्री एकटा उघाडीवर जातो. म्हटलं, “वहिनी, यंदा 15 ऑगस्टला शाळेत मामांचा सत्कार करू या. शाल, श्रीफळ.”

वहिनींनी जास्वंदीची एक कळी उगीच खुडली.

“शाल कशाला चिखलात? टॉर्च आणा. त्यांची आषाढापासून बंद आहे.”