बारा इंची बागाईतदार

नाशिक जिल्ह्यात ‘तुमचा प्लॉट केवढा?’ या प्रश्नाचं उत्तर एकरांत द्यायचं असतं. निफाडचे पाहुणे चार एकर थॉमसन द्राक्षं सांगतात, दिंडोरीचे टोमॅटो सांगतात, चांदवडकडचे कांदा. ज्याच्या नावावर तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके आहे तो मात्र लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याकडे बघत गप्प बसतो. असं वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या माणसांतूनच बारा इंची बागाईतदारांची जमात निपजली. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, गंगापूर रोड, कुठेही जा, प्रत्येक सोसायटीत एक काका सापडतातच. वय साठीपुढे, नखांत माती, आणि गॅलरीत बारा इंची कुंडीत बियांपासून वाढवलेलं लिंबाचं झाड.

काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले असतील तर रोपांवर अनुक्रमांक असतात. ओझरच्या एचएएलमधून झाले असतील तर झाडाच्या तपासणीची वही असते. शिक्षक असतील तर वही नसते. अख्खी सोसायटीच विद्यार्थी असते.

बी कुठून आलं, हे ते न विचारता सांगतात. रविवारची मिसळ आपल्याकडे धर्मकार्यासारखी पाळली जाते. बाकीचे लोक तर्रीकडे बघतात, काका लिंबाच्या फोडीकडे. फोड बोटांत धरून उजेडाकडे करतात, बिया मोजतात, सालीचा वास घेतात. वाण पसंत पडला तर शेजारच्या अनोळखी टेबलावर जाऊन ‘तुमची फोड पिळून झाली का?’ असं अदबीनं विचारतात. बिया ओल्या रुमालात बांधून थेट घरी, कारण लिंबाचं बी वाळलं की उगवायची हमी जाते. वरचं टरफल नखानं अलगद सोलायचं, अर्धा इंच खोल लावायचं आणि दोन-तीन आठवडे घरातल्या कुणालाही त्या कुंडीजवळ शिंकू द्यायचं नाही.

शास्त्र काकांच्या बाजूनं आहे, ही त्यांच्या घरच्यांची खरी अडचण. कागदी लिंबाच्या एका बीत एकापेक्षा जास्त गर्भ असतात, त्यामुळे एका बीतून दोन-तीन कोंब वर येतात. त्यातले बहुतेक आईच्याच पेशींपासून तयार झालेले, म्हणून गुणांनी हुबेहूब आईसारखे. आंब्याच्या कोयीचा बहुधा भरवसा नसतो, कागदी लिंबाच्या बीचा बऱ्यापैकी असतो. ‘पोरगं आईवर गेलंय,’ असं काका रोपाकडे बोट दाखवून सांगतात, तेव्हा स्वतःचा मुलगा समोर बसलेला असतो याचं त्यांना भान नसतं.

कुणी म्हणतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘साई शरबती’ आणा, तयार रोप मिळेल. काका हसतात. विकत आणलेल्या झाडाची हकीकत काय सांगणार?

या छंदाला सर्वांत मोठी बरकत 2022 च्या एप्रिलमध्ये आली. एकेक लिंबू दहा रुपयांवर गेलं, रसवंतीवाले लिंबाला हात आखडू लागले, आणि काकांनी जाहीर केलं की यापुढे या घरात लिंबू विकत येणार नाही. काकूंनी मान डोलावली. तेव्हापासून त्या दर बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून लिंबं आणतात.

झाडाचा खुराक घरातल्या माणसांपेक्षा बरा. आंबट ताक, गुळाचं पाणी, लासलगावच्या कांद्याच्या सालींचा काढा, निंबोळी पेंड. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की ‘झिंक कमी पडलंय’ असं निदान होतं. काकूंचेही केस गळतात, पण त्यांना अजून कुणी झिंक सुचवलेलं नाही.

कमाल असते ती बहाराची. उन्हाळ्यात लिंबाला भाव म्हणून शेतकरी हस्त बहार धरायला बघतात. त्यासाठी पावसाळा सरता सरता झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. सप्टेंबरात नाशकात पाऊस कोसळत असताना पाणी तोडणार कसं? काका कुंडीवर छत्री उघडतात. झाड कोरडं, काका भिजलेले, समोरच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं खिडकीत. बियाच्या झाडाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. हे झाड तीन वर्षांचं, अजून वयातच आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. शिवाय रात्री काकू ‘बिचारं सुकलंय’ म्हणून तांब्याभर पाणी घालतात, त्यामुळे ताणही काकांवरच येतो.

झाडाला खरं नियमित पीक येतं ते अळ्यांचं. एक चट्ट्यापट्ट्याचं फुलपाखरू कोवळ्या पानांवर अंडी घालतं. अळी आधी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून काका फसतात. मग ती हिरवीगार होते, पानात मिसळते, म्हणून पुन्हा फसतात. सापडली आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि असा उग्र वास सोडते की काका दोन पावलं मागे. तिला चिमट्यानं उचलून ते जिन्याकडे निघतात तोच नात आडवी येते. ‘आजोबा, तिचं फुलपाखरू होणार आहे!’ बागाईतदार हरतो, आजोबा जिंकतात. आजवर त्या झाडानं एकही लिंबू दिलेलं नाही, फुलपाखरं मात्र बरीच दिली.

गारपीट झाली की काका पहिला फोन निफाडच्या मेहुण्याला करतात. ‘तुमच्याकडे कसं? आमच्याकडे एक फांदी गेली.’ पलीकडे मेहुण्याचे घड जमिनीवर पडलेले असतात, तरी तो गंभीरपणे म्हणतो, ‘दाजी, जपा झाडाला. बोर्डो मारून घ्या.’ वर्षभर कर्ज, डावणी रोग आणि व्यापारी यांच्याशी झगडणाऱ्या माणसाला आपण आपल्यातलेच वाटावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो. तो मेहुण्याला कळतो, म्हणून तर ऑक्टोबरच्या छाटणीच्या ऐन धांदलीतही तो विचारतो, ‘दाजी, तुमची छाटणी उरकली का?’ त्या दिवशी काका दोन पोळ्या जास्त खातात.

दृष्ट लागू नये म्हणून शनिवारी काकांनी झाडालाच लिंबू-मिरची बांधली. दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी डोकावल्या आणि ओरडल्या, ‘अहो, लागलं की लिंबू!’ पाच मिनिटांत अर्धी सोसायटी गोळा. काका दोरा झाकत उभे होते. खाली लोंबणारी मिरची कुणाच्याच लक्षात आली नाही.

वाढलेली जास्तीची रोपं ते वाटतात. घेणारे वास्तुशास्त्र पुढे करतात, काटेरी झाड दारात नको म्हणतात. काका ऐकत नाहीत. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर उंबऱ्यावर रोप.

तुमच्या दारात असं रोप आलं तर परत करू नका. उन्हात ठेवा, कुंडीचं भोक मोकळं ठेवा, पाणी तुंबू देऊ नका. आणि काकांनी विचारलं तर ‘प्लॉट बरा आहे’ एवढंच सांगा.