साडेअकरा पौंडांची वसुली

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला 75. म्हणजे एसटीची दीड गाडी. तरी मालवणच्या बंदरावर तिजोरीच्या काळजीने चहा गार होतो: ‘सरकाराचे पैशे घेवन गेलो, तो परत इलो काय?’

काळजी रास्तच. जुनी नोंद पाहा. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी बावीस वर्षांच्या एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांवर कोलंबिया विद्यापीठात पाठवले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी. 1917 मध्ये तो हजर झाला. जात कळल्यावर पारशी धर्मशाळेतून लाठ्या दाखवून त्याला हुसकावले, दुसरीकडे कोणी खोली देईना, थोड्याच दिवसांत तो मुंबईला परतला. लेखापरीक्षकाने शेरा मारावा: करारभंग, वसुली शून्य, योजना बंद करावी. तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे त्याने राज्यघटनेच्या मसुद्याचे वगैरे पाहिले, पण ते करारात नव्हते.

इथेच, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. पुतळ्यांची योजना बंद करा, असे बंदरावर कोणी म्हटले नाही. आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला.