दहा मिनिटांचं पैलतीर

नर्मदेवर उगीच कुणी येत नाही. जबलपूरच्या ग्वारीघाटावर दुपारी जरा उभं राहून बघा. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात अस्थींचा कलश. कुणी नुकतंच जावळ काढलेल्या पोराला पाण्यात बुचकळतंय आणि पोरानं घाट डोक्यावर घेतलाय. चारदोन मुलं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकतात आणि भाविकांनी वाहिलेली नाणी वर काढतात. पुण्याचं हे फेरवाटप बिनबोभाट चालतं. इतक्या कामात असलेल्या नदीवर नाववाल्याला सांगायचं की आम्हाला कुठंच जायचं नाही, नुसतं फिरायचंय, तर त्याला थोडा निर्लज्जपणा लागतो.

‘‘उस पार? गुरुद्वारा?’’ त्यानं विचारलं.

‘‘नहीं, बस यूँ ही.’’

त्यानं मला आणि काकांना आपादमस्तक न्याहाळलं. एवढ्या वयाची माणसं ‘यूँ ही’ काही करतात यावर त्याचा विश्वास बसला नसावा. भाव मात्र त्यानं लगेच चढवला.

आत्या नावेत बसणार नव्हती. तिला एक दिवस परिक्रमा करायची आहे, आणि परिक्रमावासीयानं नर्मदा ओलांडायची नसते. मैया सदैव उजव्या हाताला हवी. परिक्रमा सुरू झालेली नाही, मग आज बसायला काय हरकत आहे, असं मी म्हटलं. ‘‘सवय लागते,’’ ती म्हणाली आणि आमच्या चपला राखत पायरीवर बसली. जबलपुरातलं नागपूरकर भोसल्यांचं राज्य 1817 साली उठलं, पण हुकूम सोडायची पद्धत काही मराठी घरांत टिकून आहे.

नाव निघाली. पिवळीनिळी, लाकडी, शीड वगैरे काही नाही. दोन वल्ही आणि एक माणूस. कुरव पक्षी आले होते, दर हिवाळ्यात येतात. शेजारच्या नावेतली मंडळी त्यांना शेव टाकत होती आणि ते हवेतल्या हवेत झेलत होते. इतक्या लांबून उडत येऊन शेव खायची, यात मला तरी काही गैर वाटलं नाही. आम्हीही नागपुराहून खव्याच्या जिलेबीसाठीच येतो, दर्शनाचं नाव पुढे करून.

मधोमध आल्यावर दोन्ही काठ सारखेच दूर दिसू लागले, आणि आत्याच्या नियमातली खरी गंमत तिथं कळली. ग्वारीघाट उत्तर तटावर. परिक्रमेतला माणूस इथून उगवतीकडे चालतो. समोरचा गुरुद्वारा त्याला लख्ख दिसतो, पण तिथं पोचायचं तर मंडला, दिंडोरी करत थेट अमरकंटकला उगमापाशी वळायचं आणि दक्षिण तटानं तितकंच परत यायचं. आम्हाला दहा मिनिटं, त्याला काही आठवडे. शास्त्रोक्त परिक्रमा तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. नावेत पाय ठेवायची परवानगी त्याला एकदाच, ती नदी समुद्राला मिळते तिथं: विमलेश्वराहून मिठीतलाईला, भरतीची वाट बघून, खंभातच्या आखातातून. नौकाविहाराची हौस तिथं एकदमच फिटते; लाटांनी पोटातलं सगळं ढवळून निघतं म्हणतात.

जबलपूरचेच चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली, पन्नाशीला टेकलेले असताना, इथून मंडल्याकडे पायी निघाले आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले. आत्या वेगडांचा दाखला नेहमी देते. सुरुवात उशिरा केली तरी चालते, एवढाच भाग तिनं त्यातून उचलला आहे.

काकांना वल्हं मारायची हुक्की आली. सरकारी नोकरीत हयात गेलेला माणूस, एकाच बाजूनं जोर लावत होता. नाव जागच्या जागी फिरू लागली. गुरुद्वारा, घाट, नर्मदामाईचं पाण्यातलं देऊळ, पुन्हा गुरुद्वारा. ‘‘बाबूजी, आपकी परिक्रमा तो यहीं हो गई,’’ नाववाला म्हणाला आणि वल्हं काढून घेतलं.

कुठंच जायचं नव्हतं, तरी शेवटी पैलतीर गाठलंच, कारण वास आला. वाळूवर एका कुटुंबाचा गक्कड-भर्त्याचा बेत चालला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर तूप, सोबत भाजलेल्या वांग्याचं भर्तं. म्हणजे आपले चंपाषष्ठीचे रोडगे आणि भरीतच की! ‘नर्मदे हर’ म्हटल्यावर त्यांनी पानं मांडली, आणि नदीकाठी आग्रह मोडायचा नसतो, हा नियम काकांनी तिथल्या तिथं तयार केला.

परत आलो तेव्हा आरतीची तयारी सुरू झाली होती. आत्यानं चपला पुढे केल्या.

‘‘पलीकडे उतरला नाहीत ना?’’

‘‘छे! मधूनच वळलो,’’ काका म्हणाले.

आत्यानं त्यांच्या सदऱ्यावरच्या तुपकट डागाला बोट लावलं आणि हुंगलं.

‘‘चातुर्मासात सोडलेलं वांगं आपल्याकडे चंपाषष्ठीला धरतात,’’ ती म्हणाली. ‘‘षष्ठी परवा आहे.’’